गच्ची सगळ्यांची, मग ऊन कुणाचं?

काका,
सांगलीतल्या चोवीस फ्लॅटच्या सोसायटीची मी खजिनदार आहे. चार मजले, खाली पार्किंग. लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातले दिवे मिळून कॉमन मीटरचं बिल साडेबारा हजारांवर गेलंय. चेअरमननी गच्चीवर दहा किलोवॉटचं सोलर बसवायचं काढलंय. काम त्यांच्या पुतण्याला द्यायचं, पैसे सिंकिंग फंडातून घ्यायचे. ‘बिल शून्य होईल, पूर आला तरी लाईट जाणार नाही, मान्याचीवाडीनं सगळं गाव सोलरवर नेलं तर आपल्याला काय धाड भरलीय,’ असं ते म्हणतात. मी तीन कोटेशनं मागितली, तर भर मीटिंगमध्ये ‘यांना प्रत्येक गोष्टीत खोट दिसते’ असं ऐकून घ्यावं लागलं. तिसऱ्या मजल्यावरचे दोघं म्हणतात, सोसायटीचं राहू द्या, आम्हाला आमचं वेगळं बसवू द्या, सरकार ७८ हजार देतंय. चौथ्या मजल्यावरच्या काकूंना गळतीची धास्ती, शिवाय कुरडया कुठं वाळवायच्या हा प्रश्न. २०१९ च्या पुरात आम्ही कित्येक दिवस अंधारात काढले, त्यामुळं मला सोलर नकोय असं मुळीच नाही. पण हे असं नको. पद सोडून मोकळं व्हावं का? बिलाची प्रत जोडली आहे.
– एक खजिनदार, सांगली

ताई,

राजीनाम्याचं शेवटी बघू. आधी बिल, कारण तुम्ही प्रत जोडलीत. सोलरबद्दल जी पत्रं येतात त्यांत लोक पॅनेल कुठल्या कंपनीचं घ्यावं ते विचारतात आणि बिलाचा कागद घरीच ठेवतात. म्हणजे कापड किती लागेल ते न मोजता शिंप्याचं नाव विचारण्यासारखं.

तुमचं बिल २०२४-२५ मधलं आहे, तेव्हा त्या वर्षीच्याच दरांनी हिशेब मांडतो. (दर पुढं बदलत राहतात. ताजं बिल हाती आलं की त्यावरचे आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करा, पद्धत तीच.) महिन्याला साधारण ७५० युनिटं. घरगुती दरात पायऱ्या असतात. पहिली शंभर युनिटं ४ रुपये ७१ पैशांनी, पुढची दोनशे १० रुपये २९ पैशांनी, त्यापुढची दोनशे १४ रुपये ५५ पैशांनी आणि पाचशेच्या वर गेलात की १६ रुपये ६४ पैशांनी. प्रत्येक युनिटावर १ रुपया १७ पैसे वहन आकार (तारांतून वीज आणून देण्याचा), वर स्थिर आकार, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. बेरीज करून बघा, तुमचे साडेबारा हजार बरोबर येतात.

आता यातली मेख. सोलरची वीज बिलातून वजा होते ती वरच्या पायरीपासून. म्हणजे पहिल्यांदा वाचतात ती सगळ्यांत महाग युनिटं. आपल्याकडं एक किलोवॉटचं सोलर वर्षभराच्या सरासरीनं दिवसाला चार युनिटं देतं. नुसतं तीन किलोवॉट बसवलंत तर महिन्याला साडेतीनशेच्या वर युनिटं झाली, आणि बिल साधारण सात हजारांनी कमी होईल. सहा किलोवॉट बसवलंत तर ७२० युनिटं झाली, जवळजवळ सगळा वापर भागला. आणि चेअरमन म्हणतात ते दहा किलोवॉट? त्यातून बाराशे युनिटं निघतील. वरच्या साडेचारशेंचं काय करणार? ती महावितरणच्या तारेत जातील, तुमच्या खात्यावर जमा होतील, पुढच्या महिन्यांत वळती होतील, पण तुमचा वापरच तेवढा नसेल तर साचत जातील. ३१ मार्चला वर्ष संपतं तेव्हा उरलेल्या युनिटांचे पैसे मिळतात ते घाऊक भावानं. सोळा रुपयांच्या विजेची जागा घ्यायला बसवलेलं पॅनेल तुम्ही मोडीच्या दरात राबवणार.

मग दहाच का? पुतण्याला मोठं काम मिळावं म्हणून, असा तुमचा संशय पत्रातून डोकावतोय, आणि तो अगदीच गैर नाही. पण दुसरंही एक साधं कारण असू शकतं. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्रानं नियम बदलला. दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला आता तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी लागत नाही, अर्ज मंजूर झाला असंच धरतात. त्यामुळं ‘दहा बसवा, कटकट नको’ हे वाक्य बाजारात फिरतं. सहालाही ती कटकट नाहीच. इन्व्हर्टर (पॅनेलांची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र) थोडा मोठा घेतला तर उद्या गाड्यांचं चार्जिंग वाढल्यावर पॅनेलं वाढवता येतात, तेवढं कोटेशनमध्ये लिहून घ्या.

आणि ‘बिल शून्य’ हे शब्द इतिवृत्तात येऊ देऊ नका. स्थिर आकार राहतो, त्यावरचं शुल्क राहतं. थोडंसंही बिल आलं की ज्यांनी शून्य ऐकलं होतं ते तुमच्याकडंच बोट दाखवणार.

पैशाचं गणितही इथंच उरकू. गच्ची वापरात राहावी म्हणून उंच सांगाडा घ्यायचा असेल तर किलोवॉटला ६५ हजार धरून चाला. सहाचे ३ लाख ९० हजार, म्हणजे फ्लॅटमागं १६,२५०. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८ हजार अनुदान आहे. ते १ लाख ८ हजार होतं, पण काम पूर्ण झाल्यावर खात्यात येतं. आलं की फ्लॅटमागं साडेचार हजार परत. बचत महिन्याला फ्लॅटमागं पाचशेच्या घरात. दोन वर्षांत पैसे वसूल असं कागद सांगतो, मी लोकांना अडीच ते तीन सांगतो. ढग, धूळ आणि बंद पडलेले दिवस कागदावर नसतात. अनुदान हवं तर पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही देशात बनलेले लागतात आणि ठेकेदार योजनेत नोंदलेला लागतो. पुतण्या नोंदलेला आहे का, हा प्रश्न तुम्ही अगदी गोड आवाजात विचारू शकता.

सिंकिंग फंडाला मात्र हात लावू देऊ नका. तो इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी आणि पुनर्बांधणीसाठी असतो. पुराचं पाणी पायाला लागून गेलेल्या इमारतीत तर तो फंड मोडण्याआधी दहादा विचार व्हायला हवा. वर्गणी काढा, ती जड जात असेल तर दोन हप्ते करा. भाड्यानं दिलेल्या फ्लॅटची वर्गणी मालकाची, भाडेकरूची नव्हे. मालक दुबईत असला तरी.

आता पूर. इथं थोडं थांबून सांगतो, कारण यात मी स्वतः तोंडघशी पडलोय.

पुण्यात आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी होतो तेव्हा आम्हीही गच्चीवर सोलर बसवलं. ठेकेदारानं छातीठोक सांगितलं होतं, आता तुमची लाईट जाणारच नाही. मीही तेच वाक्य घरोघर पोचवलं. पुण्यात गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार. सोलर सुरू झाल्यावरचा दुसरा की तिसरा गुरुवार, भर दुपारचे बारा, एप्रिलचं ऊन, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट अडकली. आत सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आणि त्यांची भाजीची पिशवी. गच्चीवर पॅनेलं लखलखताहेत, इन्व्हर्टरवर लाल दिवा, आणि खाली आजोबा आतून ओरडताहेत, ‘अहो, तुमचं सोलर कुठंय?’ ठेकेदाराला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, ‘साहेब, ग्रिड नसेल तर सिस्टीम बंदच होते.’

त्याचं म्हणणं खरं होतं. फक्त ते पैसे घेण्याआधी सांगायला हवं होतं. साधं ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या तारेला, जोडलेलं सोलर वीज गेली की स्वतःला बंद करून घेतं, आणि ते तसंच हवं. नाहीतर लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसेल. वीज गेल्यावरही काहीतरी चालू ठेवायचं असेल तर हायब्रिड (ग्रिड आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. तिचा खर्च वेगळा, आणि अनुदान मिळतं ते पॅनेलांवर, बॅटरीवर नाही.

तेव्हा चेअरमनच्या वाक्यातला पुराचा भाग आहे तसा खोटा आहे. पण खरा करता येतो, आणि तोही थोडक्यात. त्यासाठी आधी आठवा, २०१९ च्या त्या दिवसांत तुम्हाला नेमकं काय हवं होतं?

लिफ्ट? पुरात कुणी लिफ्ट चालवू नये, तिचा खड्डा पाण्याखाली असतो. पंप? सगळे पहिल्यांदा पंपाचंच नाव घेतात. पण पार्किंगमध्ये पाणी शिरलं की जमिनीखालची टाकी पुराच्या पाण्यानं भरलेली असते. बोअरचं तोंड बुडालं तर त्याचंही पाणी गेलं. वीज असली तरी ते पाणी वर चढवायचंच नाही. पाण्याची सोय पूर यायच्या आधी करायची असते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. तुम्ही सांगलीकर, पावसाळ्यात तो आकडा तुम्ही क्रिकेटच्या स्कोअरसारखा ऐकता. पातळी पस्तिशीत गेली आणि कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की गच्चीवरच्या टाक्या काठोकाठ भरून खालचा व्हॉल्व्ह बंद करायचा. हे काम कुणाचं, ते जूनमध्येच नावानिशी ठरवायचं.

मग विजेला काम उरतं ते असं: जिन्यात अंधार नको, फोन चालू हवेत, कुणाचं इन्सुलिन एका चालू फ्रीजमध्ये हवं, कुणाला वाफेचं मशीन लागतं. मोजून बघा. नऊ वॉटचे वीस दिवे दहा तास म्हणजे दोन युनिटंसुद्धा नाहीत. घरातले सगळे साठ फोन चार्ज करायला दीड युनिट. फ्रीजला एक. इंटरनेटचा डबा आणि वाफेचं मशीन मिळून अर्धं. पाच युनिटांत चोवीस घरांचा दिवस निघतो. सहा किलोवॉटची पॅनेलं अगदी काळवंडलेल्या ऑगस्टच्या दिवशीही नेहमीच्या चौथा-पाचवा हिस्सा वीज देतात, म्हणजे पाच-सहा युनिटं. पुरात ऊन नसतं म्हणून सोलर कुचकामी, असं म्हणणाऱ्यांनी गरजेचं गणित केलेलं नसतं. गरज एवढीशी असते.

तेव्हा पाच युनिटांची लिथियम बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर, असा स्वतंत्र भाव मागा. दीड-दोन लाखांनी खर्च वाढेल आणि बिलातून तो वसूल होणार नाही, हे सभेत स्पष्ट सांगा. तो विम्यासारखा खर्च आहे. कुणाला नको असेल तर त्यांनी तसं म्हणावं, पण एका गल्लीतल्या चार इमारतींपैकी एकीच्या जिन्यात पुराच्या रात्री दिवा असतो, फोन चार्ज होतात, तेव्हा शेजारच्या तीन इमारतींची माणसंही तिथंच येतात. मी तर सभेत विषय मांडताना गल्लीतल्या इतर सोसायट्यांच्या सेक्रेटरींनाही चहाला बोलवीन.

एक गोष्ट कोटेशनवर लाल शाईनं लिहा: इन्व्हर्टर, बॅटरी आणि सगळे स्विच गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीत किंवा वरच्या मजल्यावर. ठेकेदाराला पार्किंग आवडतं, कारण मीटर तिथं असतात आणि वायर वाचते. दोन लाखांची बॅटरी पहिल्याच पुरात बुडवायची असेल तर ठेवा खाली. चार्जिंगचा बोर्ड दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात. आणि लिफ्ट, पंप या बॅकअपच्या सर्किटवर चुकूनही नको. दोन एचपीचा पंप सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, एका मिनिटात सगळं बसवून टाकेल.

तिसऱ्या मजल्याच्या दोघांबद्दल. त्यांचं चुकत नाही. ७८ हजार खरे आहेत. पहिल्या दोन किलोवॉटला ३० हजार प्रमाणे, तिसऱ्याला १८. पण गच्ची सोसायटीची आहे आणि सावली नसलेली जागा मोजकी. तुमची गच्ची मी पाहिलेली नाही. टाक्या, लिफ्टची खोली, डिशच्या छत्र्या वगळून सोळाशे चौरस फूट उरतात असं धरू. किलोवॉटला शंभर फूट लागतात. सोसायटीचे सहाशे गेले, हजार उरले, त्याला चोवीसनं भागा. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक पॅनेल येतं. त्या दोघांना तीन-तीन किलोवॉट दिलं की सहाशे फूट त्यांचेच, आणि तिसरा विचारायला आला की भांडण. म्हणून आधी सर्वसाधारण सभेत ठराव करा: सोसायटीची जागा अमुक, उरलेल्या जागेत प्रत्येक फ्लॅटचा हक्क सारखा, ज्याला नको त्यानं आपला वाटा लेखी दुसऱ्याला वापरायला द्यावा, आणि वॉटरप्रूफिंगच्या वेळी पॅनेलं ज्याची त्यानं स्वखर्चानं काढून ठेवावीत. शिवाय ज्या घरात महिन्याला नव्वदच युनिटं जळतात त्याची सगळी वीज पहिल्याच पायरीतली असते. त्याला स्वतःचं सोलर बसवून फारसं काही वाचत नाही, सामाईक सोलरमध्ये मात्र तो बरोबरीनं वाचवतो. हे सांगितलंत तर निम्मे लोक आपोआप सोसायटीच्या बाजूला येतील.

काकूंच्या गळतीच्या धास्तीला हसू नका. गच्चीच्या ब्रिकबॅट कोब्याला (पाणी मुरू नये म्हणून घातलेल्या विटांच्या थराला) ड्रिल मारून सांगाडा ठोकणारे मी पाहिलेत, पुढच्या पावसाळ्यात खालच्या बेडरूमचं छत नकाशासारखं होतं. सांगाडा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभा करा, कोब्याला भोक नको, हे करारात लिहा. वाऱ्याला धरून ठोकळ्यांचं वजन किती लागेल ते स्ट्रक्चरल इंजिनियरकडून लिहून घ्या. सात-आठ फूट उंचीवर पॅनेलं आली तर खाली गच्ची वापरता येते, आणि काकूंच्या घराला उन्हाळ्यात सावलीही मिळते. कुरडयांना मात्र सावली चालत नाही. एक कोपरा मोकळा सोडा. मी हे थट्टेनं म्हणत नाही. ज्या गच्चीवर बायका चढेनाशा होतात त्या गच्चीवरच्या पॅनेलांकडं पुढं कुणीच बघत नाही.

मान्याचीवाडीचा दाखला चेअरमननी दिलाय तो चांगलाच आहे. पाटण तालुक्यातली ती वाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. पण त्यांना आठवण करून द्या की त्या वाडीनं त्याआधी वर्षानुवर्षं ग्रामस्वच्छतेची बक्षिसं मिळवली होती. एकत्र बसायची, वर्गणी द्यायची, नेमलेलं काम करायची सवय आधी लागली, पॅनेलं नंतर आली.

उलटही घडतं. बिहारमधल्या जहानाबाद जिल्ह्यात धरनई नावाचं गाव आहे. २०१४ मध्ये ग्रीनपीसनं तिथं शंभर किलोवॉटचं सोलर केंद्र उभं केलं, देशभर बातम्या झाल्या. पण त्या विजेवर फ्रीज-टीव्ही चालवायला मनाई आणि दर सरकारी विजेपेक्षा चढा. लोकांनी ‘असली बिजली’ मागितली, थोड्याच दिवसांत ग्रिडची लाईन गावात आली, काही वर्षांत बॅटऱ्या मेल्या, त्या बदलायला पैसे कुणाकडंच नव्हते. पुढं त्या केंद्राच्या आवारात गुरं बांधली गेली. आणि आपल्या जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत, डोंगरातल्या चाळीसेक घरांच्या वस्तीत, २०१२ मध्ये ग्राम ऊर्जा या पुण्याच्या संस्थेनं जेमतेम साडेनऊ किलोवॉटचं केंद्र बसवलं. शंभराच्या दहाव्या हिश्शाचंही नाही. पण घरटी मीटर, गावाचाच ट्रस्ट, दर महिन्याला वसुली, आणि दर ठरवतानाच देखभालीचा आणि बॅटरी बदलायचा खर्च धरलेला. दोन्हीकडं सूर्य एकच होता. फरक कुठं होता, तो तुमच्यासारख्या खजिनदाराला वेगळा सांगायला नको.

म्हणून तुमच्या सोसायटीत करा ते इतकंच. बचतीतून मेंटेनन्स लगेच कमी करू नका. ‘सौर खातं’ म्हणून वेगळं खातं काढा. वाचलेले पैसे आधी वर्गणीची परतफेड म्हणून जाऊ देत, मग दहा वर्षांनी लागणाऱ्या नव्या इन्व्हर्टरसाठी. पॅनेलं पंचवीस वर्षं टिकतील, इन्व्हर्टर नाही. आणि लिफ्टशेजारच्या फळ्यावर दर एक तारखेला चार आकडे खडूनं लिहायचे: किती युनिटं तयार झाली, महावितरणकडून किती आणली, त्यांना किती दिली, किती रुपये वाचले. आमच्याकडं हा फळा लागला त्या दिवसापासून शाळेतली पोरं आकडे वाचायला लागली. एका महिन्यात आकडा एकदम पडला तो एका सातवीतल्या मुलीनं दाखवला. गच्चीवर जाऊन बघितलं तर कबुतरांनी दोन पॅनेलं रंगवून ठेवलेली. एका साखळीतल्या एक-दोन पॅनेलांवर थर बसला की सगळ्या साखळीची वीज घसरते, हे आम्ही तेव्हा शिकलो. तुमच्याकडं तर गाळप हंगामात कारखान्यांची काजळी उडते. ऑक्टोबर ते मार्च वॉचमनला धुण्याचे वेगळे पैसे ठरवा. उजाडायच्या सुमारास धुवायचं, तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही.

पुतण्याचं काय? त्याला वगळू नका, नाहीतर त्याची बाजू घेणाऱ्यांना निमित्त मिळेल. एकाच कागदावर मागणी लिहा: सहा किलोवॉट, उंच सांगाडा, ठोकळे, बॅटरीचा वेगळा भाव, साहित्य वरच्या मजल्यावर, पाच वर्षांची देखभाल. तो कागद तिघांना द्या, पुतण्याही त्यात एक. पाकिटं सभेत उघडा. आणि त्या विषयापुरतं चेअरमननी खुर्ची दुसऱ्याला द्यावी, असं तुम्ही न म्हणता सभेतल्या एखाद्या ज्येष्ठ सभासदाकडून म्हणवून घ्या. सगळे पैसे आधी नाहीत. शेवटचे दहा टक्के नेट मीटर (आणलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारं) लागून एका महिन्याचं रीडिंग फळ्यावर आल्यावर. पुतण्याचं काम चांगलं असेल तर त्याला यात अडचण असायचं कारणच नाही, आणि त्याचाच भाव कमी निघाला तर तुम्हीच सगळ्यांत आधी हात वर करा.

आता राजीनामा. तीन कोटेशनं मागणं ही खोट नाही, ते तुमचं कामच आहे. पण समजा आज पद सोडलंत, तर उद्या खजिनदार कोण होईल ते तुम्हाला माहीत आहे, म्हणूनच तुम्ही मला पत्र लिहिलंत. नेट मीटर लागून दोन बिलं येईपर्यंत राहा. मग सोडायचं तर सोडा, फळा मात्र दुसऱ्याच्या हाती देऊन.

आणि सभेआधी एक काम. डिसेंबरच्या वीस-बावीस तारखेला सूर्य दक्षिणेकडं सगळ्यांत खाली असतो, सावल्या वर्षातल्या सगळ्यांत लांब. त्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला गच्चीवर जा, टाकीची आणि लिफ्टच्या खोलीची सावली खडूनं आखा, फोटो काढा. त्या रेषांच्या आत पॅनेल नको. आमच्या ठेकेदारानं हे केलं नव्हतं, टाकीच्या सावलीनं आमची दोन पॅनेलं दर हिवाळ्यात दुपारनंतर झोपतात. एकट्या जाऊ नका, चौथ्या मजल्यावरच्या काकूंना सोबत न्या. त्या गच्चीवर कुठल्या कोपऱ्यात किती वाजेपर्यंत ऊन टिकतं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसणार. इतकी वर्षं त्यांनी तिथं कुरडया वाळवल्यात.